तिसऱ्या दिवशी मी खाऊ घातलं

सर, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही जाण्याच्या तीन दिवस आधी, सकाळी, काकूंच्या फोनवरून तुम्ही विचारलंत, "जमल्या का वं जोड्या?" आणि मी म्हणाले, "जमल्या, सर. भरपूर जमल्या." एकही जोडी जमली नव्हती.

आज तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या तुमच्या घरी जो तो येतो, सतरंजीवर बसतो, चहा नको म्हणतो आणि मग घेतो, आणि उठताना मला हमखास सांगतो की खडतकर सर समाधानानं गेले, शेवटचा प्रयोग साधला म्हणे त्यांना. मी मान हलवते. तुमच्याविषयी लिहायला पुष्कळ जण पुढे आलेत. तुमचा जन्म आर्वीचा की पुलगावचा, यावरून परवा दोघा निवृत्त प्राध्यापकांत जुंपली. ते सगळं ते लिहितील. मी तुमच्या तोंडावर कधी गोड बोलले नाही, तर पाठीमागे तरी कशाला बोलू?

आपलं भांडण एका थेंबात मावेल एवढ्या जीवावरून होतं. बीरगावच्या मागच्या तळ्यातून आणलेला हा एकपेशीय प्राणी तुम्ही एकवीस वर्षं पाळलात, त्यातली चौदा वर्षं मीही. नुसत्या डोळ्यांना पांढरा ठिपका, सूक्ष्मदर्शकाखाली पोटाखालच्या केसांवर तुरुतुरु पळणारा. पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्ही सांगायचात, याच्याजवळ दोन केंद्रकं असतात, एक रोजच्या वापराचं आणि एक ट्रंकेत ठेवलेलं. रोजचं काम पहिल्यावर चालतं. ट्रंकेतलं पुढच्या पिढीसाठी. पण ट्रंकेत जनुकं घडी घालून ठेवलेली नसतात. तुकडे तुकडे, पुढचा मागे, मागचा पुढे, काही चक्क उलटे, आणि मधे नको त्या मालाचा पसारा. खायला मिळतं तोवर हा जीव नुसता एकाचे दोन होत राहतो. उपासमार झाली की मात्र दोन वेगवेगळ्या वाणांचे जीव एकमेकांना चिकटतात. मग ट्रंक उघडते. जुनं केंद्रक विरून जातं, पसारा कापून फेकला जातो, आणि उरलेले हजारो तुकडे बिनचूक क्रमानं जोडून नवं केंद्रक तयार होतं. "अन् इथं आपल्या ऑफिसले एक फाइल धड लावता येत नाही," असं म्हणून तुम्ही फळा पुसायचात.

आता कापून फेकलेल्याचं काय होतं, इथे आपलं घोडं अडलं. त्यातल्या काही तुकड्यांची दोन्ही टोकं जुळून डीएनएचं कडं बनतं, इथपर्यंत तुम्ही, मी आणि पुस्तकं एकमत. पुस्तकं म्हणतात ही कडी चार दिवसांत नाहीशी होतात. तुम्ही म्हणायचात टिकतात, पुढच्या पिढीत जातात, आणि आपण ज्याला कचरा म्हणतो तो कचरा नाही. पुरावा म्हणून तुमच्याकडे एक पट्टा होता. पेशी फोडून डीएनए काढायचा, त्यात टोकापासून खात सुटणारं विकर, म्हणजे एन्झाइम, घालायचं, म्हणजे सरळ धागे संपतात आणि कडी तेवढी उरतात. "टोकच नाही तं खाईन कुठून?" मग ते जेलच्या पातळ वडीतून सरकवायचं, की उरलेल्या कड्यांचा पट्टा उजळून दिसतो. तुम्हाला तो दरवेळी एकाच जागी दिसायचा.

मी म्हणाले, सर, पट्टा खरा आहे, पण तो या जीवाचा नाही, त्याच्या जेवणाचा आहे. आपण त्यांना पैऱ्याचं पाणी देतो. धानाचा पैरा, म्हणजे पेंढा, उकळून गाळलेलं ते पिवळं पाणी, त्यात वाढणारे जिवाणू हेच त्यांचं खाणं, आणि त्या जिवाणूंमध्येही डीएनएची लहान कडी असतात. मी हे विभागाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्ही कपातला चहा तसाच ठेवलात आणि म्हणालात, "कालच्या पोट्टीनं मले शिकवू नये." दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या टेबलावर पैऱ्याच्या पाण्याचा फ्लास्क होता आणि त्याखाली चिठ्ठी, नुसत्या खाण्याचा पट्टा काढून दाखव. मी काढला. फिका आला. तुम्ही म्हणालात फिका आहे. मी म्हणाले आहे ना. नमुन्यातला डीएनए वाचून घ्यायला बाहेर पाठवला तर उत्तर आलं की यात सरमिसळ आहे, स्वच्छ नमुना द्या. त्यानंतर नऊ वर्षं आपण त्याच शिळ्या कढीला ऊत आणत राहिलो.

तेव्हा लोकांना वाटायचं आपलं पटत नाही. एका नव्या सहकाऱ्यानं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, म्हातारा फार त्रास देतो का. मी त्याला काय सांगणार? घरी माझं ऐकून घेणारे पुष्कळ आहेत, पण मी चुकत्येय हे मला सिद्ध करून दाखवण्यासाठी सकाळी सात वाजता येणारा माणूस एकच होता. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. एखाद्या दिवाळीला, फराळ खाताना, सहज. सांगितलं नाही, कारण तुम्ही त्यावर काहीतरी फाजील बोलला असतात.

स्वच्छ नमुना कसा मिळेल ते दोघांनाही ठाऊक होतं. दोन्ही वाण उपाशी ठेवायचे, पोटातलं सगळं जिरू द्यायचं, मग एकत्र सोडायचे. जोड्या जमल्या की कापाकापी होणार, कडी बनणार, आणि त्या वेळी पाण्यात आणि पोटात खाण्याचा कणही नसणार. तरी पट्टा आला तर तुमचं खरं, नाही आला तर माझं. इतकं सोपं. अडचण एकच. झाकणावरच्या कागदावरून आपण वाणांना हिरवा आणि लाल म्हणायचो, आणि लाल वाण जन्माचा रडका. तो पुरेसा वाढायचाच नाही. नवा आणावा तर तळं कुठे राहिलं होतं? तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी शेवटची गेले तेव्हा सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून आलेल्या काळ्या धुळीचा थर पाण्यावर सायीसारखा धरला होता, आणि पुढच्या वर्षी तिथे मुरूम टाकून प्लॉट पाडले. तुम्ही काठावर, म्हणजे जिथे काठ असायचा तिथे, उभे राहून मुरमाचा एक खडा पायानं उलटवलात. मग म्हणालात, "आता आहे ते सांभाळा."

यंदा मार्चमध्ये लाल वाण एकदम बहरला. तुम्ही निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रोज येतच होतात. त्या दिवशी तुम्ही पोरासारखे खूश होतात. आणि एप्रिलमध्ये तुमच्या पोटात पाणी भरलं.

दवाखान्यात मी गेले की तुम्ही तब्येतीचं बोलूच द्यायचा नाहीत. बोटांनी पलंगाच्या कडेवर दिवस मोजून दाखवायचात. सोमवारपासून वेगवेगळ्या थाळ्यांत उपाशी. तिसऱ्या दिवशी सकाळी एकत्र. मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. "अन् दया-माया दाखवजो नको. त्याइले उपाशी ठेवल्याशिवाय ते संसार करत नाही." काकू हसल्या. तुम्हीही हसलात आणि मग खोकला आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाण एकत्र केले आणि तशीच दवाखान्यात तुमच्याकडे आले. काकू वाटीत पेज घेऊन बसल्या होत्या. चमचा तुमच्या ओठांपाशी नेला की तुम्ही मान भिंतीकडे वळवायचात. रागावून नाही, नुसती. चौथा दिवस होता तो, तुमच्या पोटात अन्न नसण्याचा. तुमचे गाल आत गेले होते, आणि मनगटावरचं घड्याळ कोणीतरी काढून उशाशी ठेवलं होतं, कारण ते कोपरापर्यंत घसरायचं. काकू मला म्हणाल्या, "तूच सांगून पाह्य वं, तुह्यं ऐकतीन." मी सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत.

तिथून मी कॉलेजात आले. सुट्ट्या लागलेल्या, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आणि प्रयोगशाळेतला शिपाई, आपला दुकालू भैया, कूलरमध्ये बादलीनं पाणी भरत होता. मी थाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ते बारीक झाले होते, सर. तुम्हाला ठाऊक आहे उपाशी ते कसे दिसतात, काचेसारखे आरपार, आणि थांबत नाहीत, थाळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शोधत फिरतात. नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं की दोनचार ठिकाणी ते एकमेकांना चाचपू लागले होते. आणखी दोन तासांत जोड्या घट्ट जमल्या असत्या, तेवढं थांबायचं होतं. मी थांबले नाही. पैऱ्याच्या पाण्याची बाटली हाताशी होती. मी झाकण उघडलं आणि दोन ड्रॉपर भरून घातलं.

मुद्दाम केलं नाही, असं म्हणायची सोय नाही. त्या बाटलीचं झाकण पुरते दोन फेरे फिरवल्याशिवाय निघत नाही. तेवढ्या वेळात मी एम.एस्सी.च्या मुलीला हे करताना पाहिलं असतं तर तिचा हात धरला असता. मागून दुकालू भैया म्हणाला, "मैडम, सर तो मना करे रहिन न?" मी म्हणाले, "हव." आणि बाटली जागेवर ठेवली. त्या क्षणी मला खरोखर बरं वाटलं. कोणीतरी खात होतं.

त्यानंतर मला दुसरा एक विचार सारखा छळतो, तोही सांगून टाकते. मला हरायचं नव्हतं म्हणून तर मी हे केलं नाही ना? नऊ वर्षं भांडून निकाल एका दिवसावर आला होता, आणि हात माझाच होता. मी स्वतःला उलटसुलट विचारून पाहिलं. आतून उत्तर येतं, नाही, मला तुमची भिंतीकडे वळलेली मान सहन झाली नव्हती. पण तुम्हीच शिकवलंत ना, की आपल्याला हवं असलेलं उत्तर आलं की दोनदा तपासायचं. हे दुसऱ्यांदा कसं तपासायचं, ते मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीत सगळे लठ्ठ झाले होते. निम्मे मधोमध आवळलेले, म्हणजे एकाचे दोन व्हायच्या बेतात. जोडी एक नाही. मी अजून थाळीकडेच पाहत होते तेव्हा तुमचा फोन आला. तुमचा आवाज इतका बारीक की मला पंखा बंद करावा लागला. "जमल्या का वं जोड्या?" सर, मी किती खोटं बोलू शकते हे मलाही ठाऊक नव्हतं. "भरपूर" हा शब्द मी पदरचा घातला. तुम्ही म्हणालात नमुना गोठवून ठेव, मी येतो मग पाहू. मी ते लठ्ठ, जेवलेले, बिनलग्नाचे जीव एका नळीत भरले, नळीवर तारीख घातली आणि गोठवून ठेवले. वहीत निकालाच्या रकान्यात लिहिलं, जोड्या जमल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्यानंतर तेरा दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. घरी सांगितलं सुट्ट्या आहेत. खरं म्हणजे त्या थाळीचं तोंड मला पाहायचं नव्हतं. दुकालू भैया भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. मेचा महिना, रायपूरचा, आणि कूलर कोरडा. चौदाव्या दिवशी दार उघडलं तेव्हा आतून वाफ अंगावर आली. हिरव्या वाणाच्या नळ्यांत थोडी वळवळ होती. लाल वाणाच्या सगळ्या नळ्या गढूळ, तळाशी चिकट साका, आणि हलणारं काही नाही. मी एकेक थेंब काढून संध्याकाळपर्यंत पाहत बसले. माझ्या बाळंतपणात, मी वर्षभर आले नव्हते तेव्हा, तुम्ही दर आठवड्याला माझ्या नळ्यांचं पाणी बदललंत, आणि मी परत आले तर म्हणालात, "तुह्ये सासरचे खुशाल आहेत, मोजून घे." आणि मला तेरा दिवस तुमचा एक वाण जगवता आला नाही.

केतकी दुसऱ्या दिवशी आली. तुमची लेक शोकसभेच्या तयारीत बुडून गेली आहे. बसून राहिली तर रडेल म्हणून ती बसतच नाही. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, हे तुमच्या घरातलं जुनंच. तिला ती गोठवलेली नळी हवी होती. "दीदी, पापा का लास्ट रिज़ल्ट स्क्रीन पे दिखाएँगे. सिर्फ़ एक फ़ोटो." मी म्हणू शकले असते की यंत्र बिघडलंय. पण मला वाटलं, विकर घालू, वडी चालवू, काहीही दिसणार नाही, आणि मी म्हणेन, पाहा, नाही आलं, असं होतं कधी कधी. खोट्याला खोट्याचा टेकू, आणि प्रकरण मिटलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पट्टा आला, सर. असा पट्टा आपल्याला नऊ वर्षांत कधी दिसला नव्हता. तुम्ही दाखवायचात त्याच जागी, जाड, स्वच्छ, झगझगीत. अर्थात येणारच होता. दोन ड्रॉपर भरून जेवण घातलं होतं मी. जोड्याच नाहीत तर कापाकापी कुठली, आणि कापाकापी नाही तर त्यांची स्वतःची नवी कडी कुठून? त्या पट्ट्यानं एवढंच सिद्ध झालं की मी किती वाढलं होतं. पण हे माहीत नसलेल्या कोणालाही त्यात तुमचा विजय दिसला असता. केतकीला दिसला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि म्हणाली, "पापा सही थे." दारात दुकालू भैया उभा होता, गावाहून आलेला. त्यानं पट्ट्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि बादली उचलून निघून गेला.

ती गेल्यावर मी वही काढली. तुमचा नियम, वहीत खोडायचं नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. मी "जोड्या जमल्या" वर रेघ मारली. बाजूला लिहिलं की तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः खाणं घातलं, जोड्या जमल्या नाहीत, नमुना निरुपयोगी. सही केली. नियमाप्रमाणे माझं खोटं त्या रेघेखाली स्पष्ट वाचता येतं, आणि येत राहील.

मग केतकीला फोन केला. ती म्हणाली, "दीदी, किसको पता चलेगा? पापा को तो अब फ़र्क़ नहीं पड़ता ना." मी म्हणाले, तुझ्या पप्पांना दुसऱ्या कशानंच कधी फरक पडला नाही, फक्त यानंच पडायचा. तिनं फोन ठेवला. फोटो स्क्रीनवर येणार नाही. ती माझ्याशी पुन्हा कधी बोलेल, मला ठाऊक नाही.

काकूंना सांगायला काल मी स्वतः गेले. दुपारची वेळ, घरात दुसरं कोणी नव्हतं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, एकटीसाठी पुरतील त्याहून किती तरी जास्त. मी सगळं सांगितलं, थाळी, बाटली, फोन, लाल वाण. वाटलं त्या रागावतील, किंवा मला जवळ घेतील. दोन्हीसाठी मी तयारीनं गेले होते. त्यांचे हात थांबले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं अनोळखी माणसाकडे पाहतात.

"तू फोनवर सांगितलं ना त्याइले," काकू म्हणाल्या, "त्या दिवशी त्याइनं मागून पेज घेतली. अर्धी वाटी. स्वतःच्या हातानं. म्हने, आता त्या पोट्टीचं तोंड बंद होते." मग त्या म्हणाल्या, "मी तेवढ्यावरच तं दिवस काढून राहिली होती वं. मले काहून सांगितलं?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. खरं ते खरं, सर असते तर त्यांनाही हेच हवं असतं, वहीत लिहिलं तसं घरातही. केतकीला दिलं होतं तेच. ते जिभेवर आलं, आणि मला दिसलं की मी इथे काकूंसाठी आले नव्हते. मला हलकं व्हायचं होतं, म्हणून मी त्यांच्याजवळची अर्धी वाटी पेज काढून घ्यायला आले होते.

तुमचं खरं की माझं, हे आता कोणी सांगू शकणार नाही. दुसऱ्या एखाद्या तळ्यातल्या दुसऱ्या जीवांवर कोणी तरी कधी तरी करेल. आपल्या जीवांचा निकाल मात्र माझ्या हातून गेला. मला आज कबूल करायला हरकत नाही, मनातून मला तुमचंच खरं निघायला हवं होतं. काकूंनी पुन्हा तांदळाचं सूप पुढे ओढलं. मी त्यांच्यासमोर बसले, आणि सर, संध्याकाळ होईपर्यंत त्यांच्याबरोबर तांदळातले खडे वेचत राहिले.